स्तानिस्लाओ कॅनिझारो: अणुभारांचा घोळ निस्तरणारा क्रांतिकारक

खडूफळा

बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने कॅनिझारो हे नाव लिहिलेलं असतं. आल्डिहाइडच्या धड्यात त्याची अभिक्रिया येते, तिच्यावर हमखास प्रश्न पडतो, आणि पेपर झाला की नावही मागे पडतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात हा धडा बरीच वर्षं शिकवते आहे. दर वेळी वाटतं की या माणसाचं सगळ्यात मोठं काम या धड्यात नाहीच. ते अणुभारांच्या तक्त्यात आहे, आवर्त सारणीच्या मुळाशी आहे, आणि तिथे त्याचं नाव क्वचित निघतं. शिवाय हा माणूस तोफखान्यात अधिकारी होता, विशीतच लोकप्रतिनिधी झाला, परागंदा झाला आणि पुढे इटलीच्या सिनेटचा उपाध्यक्षही झाला. म्हणून हा धागा.

जन्म १३ जुलै १८२६, सिसिलीतल्या पालेर्मोत. तेव्हा इटली हा एक देश नव्हता. सिसिली आणि नेपल्सवर बूर्बों घराण्याचं राज्य होतं. वडील न्यायाधीश, पोलीस खात्यातही वरच्या पदावर राहिलेले, म्हणजे घर सरकारदरबारचं. मुलगा पालेर्मोत वैद्यकी शिकू लागला. १८४५ मध्ये नेपल्सला शास्त्रज्ञांचं संमेलन भरलं, तिथे मेल्लोनी या भौतिकशास्त्रज्ञाशी ओळख झाली, आणि त्याच्या शिफारशीवरून कॅनिझारो पिसाला राफाएले पिरियाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागला. सॅलिसिनपासून सॅलिसिलिक आम्ल बनवणारा तो हा पिरिया. रसायनशास्त्र कसं करायचं हे कॅनिझारो इथे शिकला.

१८४७ च्या उन्हाळ्यात तो सिसिलीला परतला आणि राजाविरुद्धच्या कटात सामील झाला. जानेवारी १८४८ मध्ये पालेर्मोत उठाव झाला. त्या वर्षी युरोपभर क्रांत्यांची जी लाट आली, तिची सुरुवात इथून झाली, पॅरिसच्याही आधी. एकविशीतला कॅनिझारो मेस्सिनाला तोफखान्यात अधिकारी झाला आणि फ्रांकाविल्लामधून सिसिलीच्या नव्या संसदेवर निवडून आला. सप्टेंबरमध्ये राजाच्या सैन्याने तोफांचा भडिमार करून मेस्सिना घेतलं. कॅनिझारो ताओर्मिनाला गेला, मग फौज मागे मागे हटत राहिली. मे १८४९ मध्ये सगळं संपलं तेव्हा तो 'इंदिपेन्देन्ते' नावाच्या फ्रिगेटवरून निसटून मार्सेयला पोचला. वय बावीस, शिक्षण अर्धवट, मायदेशी परतायची सोय नाही.

तो पॅरिसला गेला आणि शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. तिथल्या क्लोएझबरोबर त्याने १८५१ मध्ये सायनामाइड बनवलं. त्याच वर्षी पीडमॉन्टमधल्या अलेस्सांद्रिया गावी शिक्षकाची नोकरी मिळाली. इटलीतल्या राज्यांपैकी पीडमॉन्ट तेव्हा परागंदा देशभक्तांना थारा देत असे. तिथल्या साध्या प्रयोगशाळेत १८५३ मध्ये त्याने बेन्झाल्डिहाइडवर अल्कोहोलमधल्या पोटॅशची क्रिया केली. अर्ध्या रेणूंचं क्षपण होऊन बेन्झिल अल्कोहोल मिळालं, अर्ध्यांचं ऑक्सिडीकरण होऊन बेन्झोइक आम्लाचा क्षार. हीच ती बारावीची अभिक्रिया.

१८५५ मध्ये तो जेनोवा विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे सुरुवातीला प्रयोगशाळाच नव्हती. उरलं शिकवणं. आणि शिकवायला उभं राहिल्यावर मुलांना काय सांगायचं हा खरा पेच होता, कारण तेव्हाचं रसायनशास्त्र विचित्र अवस्थेत होतं.

पाण्याचंच घ्या. १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन, हे वजन करून सगळ्यांना माहीत. पण रेणूत अणू किती? एकास एक धरलं तर ऑक्सिजनचा अणुभार ८ येतो; हायड्रोजनचे दोन धरले तर १६. कार्बन कुणी ६ मानी, कुणी १२. प्रत्येक गटाची सूत्रं वेगळी, आणि एकाचा लेख दुसऱ्याने वाचताना आधी पद्धत कुठली ते ओळखायचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची तेव्हा वापरात असलेली १९ सूत्रं दिली होती! कित्येक नामवंत या निष्कर्षाला आले होते की अणू वगैरे सोडून द्या, प्रयोगात दिसतात ते समतुल्य भार (किती वजनाला किती वजन जोडलं जातं ते) तेवढे वापरा.

कॅनिझारोने १८५८ मध्ये आपल्या वर्गातल्या व्याख्यानांचा सारांश सहकारी दे लुका यांना पत्ररूपाने लिहिला. 'नुओवो चिमेंतो' या नियतकालिकात तो छापून आला. सुरुवातीच्या व्याख्यानांत तो इतिहास सांगतो: गे-ल्युसॅक, ॲव्होगाद्रो, ॲम्पेअर, बर्झेलियस, द्यूमा, कोण कुठवर पोचला आणि कुठे अडला. मग तो सांगतो की समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हा ॲव्होगाद्रोचा १८११ चा विचार शेवटपर्यंत मानायचा. मधेच सोडायचा नाही. तेवढं केलं की बाष्पाच्या घनतेवरून रेणुभार निघतात आणि रेणुभारांवरून अणुभार. नवा प्रयोग एकही नाही. विखुरलेली जुनी मापनं एका सूत्रात ओवलेली.

सप्टेंबर १८६० मध्ये ३ ते ५ तारखेला जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. केकुले, व्युर्ट्झ आणि वेल्ट्सियन यांनी ती बोलावली होती. जागा होती बाडेनच्या विधिमंडळाचं सभागृह. तिसऱ्या दिवशी कॅनिझारोने जोरकस भाषण केलं. परिषद काहीही ठोस न ठरवता उठली, कारण विज्ञानातले प्रश्न मतदानाने सुटत नाहीत असंच बहुतेकांचं मत. पण निघता निघता पाव्हियाच्या आंजेलो पावेसीने कॅनिझारोच्या त्या सारांशाच्या पुस्तिका वाटल्या. लोथार मेयर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती खिशात टाकली, परतीच्या वाटेवर वाचली, घरी पुन्हा वाचली. डोळ्यांवरची झापडं गळून पडली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. श्रोत्यांत सव्विशीचा मेंडेलेव्हही होता. मेयरचं पुस्तक १८६४ मध्ये आलं, मेंडेलेव्हची आवर्त सारणी १८६९ मध्ये. अणुभार ठरलेच नसते तर चढत्या क्रमाने मांडायचं काय?

परिषद भरली त्याच वर्षी, १८६० मध्ये, गॅरिबाल्डी हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला होता. कॅनिझारो पालेर्मोला धावला. तो पोचेपर्यंत शहर मुक्त झालं होतं. त्या वर्षअखेरीपर्यंत तो सिसिलीच्या असाधारण राज्य परिषदेचा सदस्य झाला, पुढच्या वर्षी पालेर्मो विद्यापीठात प्राध्यापक. १८७१ मध्ये रोम, आणि सिनेट. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक. मृत्यू १० मे १९१०, रोम.

---

टेस्टट्यूब

सुंदर लेख, ताई. अभिक्रियेला मात्र थोडं कमी लेखलंत असं वाटलं. मी रंग बनवणाऱ्या उद्योगात आहे. आमच्याकडे अल्किड रेझिनमध्ये (ऑइलपेंटमधली राळ) पेंटाएरिथ्रिटॉल नावाचं अल्कोहोल लागतं. ते फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइडपासून अल्कलीच्या सान्निध्यात बनतं. आधी आल्डॉल पद्धतीने फॉर्माल्डिहाइडचे तीन रेणू जोडले जातात आणि शेवटच्या पायरीला मिश्र कॅनिझारो होते: फॉर्माल्डिहाइडचा आणखी एक रेणू स्वतः फॉर्मेट होतो आणि समोरच्या आल्डिहाइडचं अल्कोहोल करतो. दारं-खिडक्यांना लावायच्या ऑइलपेंटमध्ये १८५३ ची ही अभिक्रिया आजही आहे. शिकलेलं विसरून चालत नाही ते असं.

---

घाटमाथा

लेख आवडला, पण श्रेयाच्या वाटपावर माझा आक्षेप आहे. कल्पना ॲव्होगाद्रोची. १८११ ची. तो १८५६ मध्ये तुरीनला वारला, म्हणजे हा सारांश छापून येण्याच्या दोनच वर्षं आधी. हयातभर त्याच्या गृहीतकाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग दुसऱ्याने ते वर्गात नीट समजावून सांगितलं आणि नाव झालं सांगणाऱ्याचं. तुम्हीच म्हणता नवा प्रयोग एकही नाही. मग कॅनिझारोचं स्वतःचं काय?

---

खडूफळा

@घाटमाथा, तुमच्या आक्षेपाला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

ॲव्होगाद्रोचं गृहीतक लोकांनी आळसाने बाजूला टाकलं नव्हतं. त्याविरुद्ध भक्कम कारणं होती, आणि ती दूर केल्याशिवाय कुणी ते स्वीकारणं शक्य नव्हतं.

पहिलं कारण बर्झेलियस. त्याच्या मते अणू एकत्र येतात ते विरुद्ध विद्युतप्रभारामुळे. मग हायड्रोजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना धरून कसे राहतील? ॲव्होगाद्रोला तर दोन अणूंचे रेणू हवेच होते, नाहीतर आकारमानांचा हिशोब जुळत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर, कारण ते मापनातून आलं. द्यूमाने १८२६ पासून बाष्पांच्या घनता मोजल्या. मूलद्रव्यांच्या रेणूत सरसकट दोन अणू धरले तर पाऱ्याचा अणुभार इतर पुराव्यांच्या निम्मा येई, फॉस्फरसचा दुप्पट, गंधकाचा तिप्पट. द्यूमासारखा माणूस इथे हरला.

तिसरं कारण नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याची वाफ अपेक्षेच्या निम्म्याच घनतेची भरते. म्हणजे समान आकारमानात समान रेणू हा नियमच खोटा?

कॅनिझारोने काय केलं ते बघा. सगळ्या मूलद्रव्यांच्या रेणूत दोनच अणू असले पाहिजेत ही अट ॲव्होगाद्रोच्या नियमात कुठेही नाही, ती वाचणाऱ्यांनी आपल्या मनाने घातली, हे त्याने दाखवलं. पाऱ्याच्या बाष्पात एकेकटा अणू, फॉस्फरसमध्ये चार, गंधकात कमी तापमानाला सहा. संयुगांवरून अणुभार आधी काढा, मग मूलद्रव्याच्या रेणूत किती अणू ते आपोआप कळेल. नवसागराचं म्हणाल तर त्याची वाफ तापवल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये सुटी होते, रेणू दुप्पट होतात, घनता निम्मी दिसते. हा खुलासा त्या एक-दोन वर्षांत आणखीही काही जणांनी केला होता. कॅनिझारोने त्याला पूर्ण रचनेत बसवलं.

आणि मुख्य म्हणजे त्याने श्रेय घेतलं नाही. त्या सारांशात ॲव्होगाद्रोचं नाव सुरुवातीलाच आहे. ॲव्होगाद्रोला आज आपण ओळखतो त्यात कॅनिझारोच्या या प्रामाणिकपणाचा मोठा वाटा आहे. वर्गात एखादी गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायची तर आधी स्वतःला ती शेवटच्या टोकापर्यंत तपासावी लागते. त्या तपासण्यालाच मी संशोधन म्हणते. कॅनिझारोलाही शिकवण्याचं महत्त्व शेवटपर्यंत वाटत होतं. १८७२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीने फॅरेडे व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा त्याने विषय निवडला रसायनशास्त्राचा सैद्धांतिक भाग कसा शिकवावा हा.

---

घाटमाथा

पटलं. फॉस्फरस-गंधकाची अडचण ठाऊक नव्हती. नवसागराचीही नाही. तरी ॲव्होगाद्रोबद्दल वाईट वाटतंच.

---

जाईजुई

मी रोमला शिकत होते तेव्हाची भर. कॅनिझारो १८७१ मध्ये रोमला आला तेव्हा शहर पोपच्या सत्तेतून नुकतंच बाहेर पडलं होतं (२० सप्टेंबर १८७०). नव्या राजधानीत आधुनिक रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभी करायची होती, आणि त्यासाठी सरकारने ताब्यात घेतलेल्या सान लोरेन्झो इन पानिस्पेर्ना या मठाची जागा मिळाली. मठाच्या खोल्यांमध्ये भट्ट्या, काचसामान, विद्यार्थी. मोंती भागातला हा रस्ता आजही तसाच चढउताराचा, अरुंद आहे.

त्याच व्हिया पानिस्पेर्नावर पुढे भौतिकशास्त्राची इमारत झाली, आणि १९३४ मध्ये तिथे एन्रिको फर्मी आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी मंद न्यूट्रॉनांचे प्रयोग केले. ती इमारत आता गृहमंत्रालयाच्या आवारात येते आणि तिथे फर्मीच्या नावाचं संग्रहालय आणि संशोधन केंद्र आहे. लोक फर्मीसाठी जातात. शास्त्राला त्या रस्त्यावर पहिली जागा करून देणारा मात्र कॅनिझारो.

'गाझेत्ता किमिका इतालियाना' हे नियतकालिकही १८७१ चंच. 

---

झेलम

इतिहासाच्या बाजूने एक प्रश्न. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं मराठी घरांत सावरकरांमुळे पोचली, त्यामुळे इटलीच्या एकीकरणात तरुण वकील, कवी, पत्रकार होते हे माहीत होतं. शास्त्रज्ञ इतक्या संख्येने होते का? की कॅनिझारो अपवाद?

---

खडूफळा

अपवाद अजिबात नाही. १८४८ च्या मे महिन्यात कुर्तातोने आणि मोंतानाराला ऑस्ट्रियाच्या फौजेशी लढाई झाली, तिथे पिसा विद्यापीठाची तुकडी होती आणि तिचं नेतृत्व मोस्सोत्ती या गणिती-भौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापकाकडे होतं. कॅनिझारोचे गुरू पिरियाही त्या मोहिमेत होते. सिसिलीत शिष्य लढत होता आणि उत्तरेत गुरू.

इटलीचं एकत्र राज्य झाल्यावर हे लोक राज्यकारभारात आले. क्विंतिनो सेल्ला मूळचा खनिजशास्त्रज्ञ, तो अर्थमंत्री झाला. रोम ही विज्ञानाची राजधानी व्हावी हा त्याचा ध्यास होता. सिनेटवर राजा तहहयात नेमणुका करी, आणि ज्या वर्गांतून नेमायचं त्यांत विज्ञान अकादमीचे सदस्य हाही एक वर्ग राज्यघटनेतच होता. त्यामुळे प्रयोगशाळेतून सिनेटमध्ये जायची वाट खुली होती.

कॅनिझारोच्या शिष्यांनीही ती धरली. पालेर्मोतला त्याचा विद्यार्थी एमानुएले पातेर्नो: पातेर्नो-ब्यूखी अभिक्रियेतला तोच. तो पालेर्मोचा महापौर झाला, सिनेटरही. आणि रोमच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेला जाकोमो चामिचान, मूळचा त्रिएस्तेचा, आर्मेनियन वंशाचा. तोही १९१० मध्ये सिनेटर झाला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याने सांगितलं की दगडी कोळसा म्हणजे साठवलेली जुनी सूर्यशक्ती आहे, ती उधळून संपवण्यापेक्षा माणसाने रोजचा सूर्यप्रकाश रसायनांच्या मदतीने वापरायला शिकावं. ११० वर्षांहून जुनं भाषण!

---

अबोली

मला यात एक खंत वाटते. १८६० नंतरच्या पन्नास वर्षांत कॅनिझारोचं त्या तोडीचं काम दिसत नाही. सँटोनिनवर (जंतांवरचं एक वनस्पतिज औषध) संशोधन केलं, ते चांगलं आहे, पण १८५८ च्या जवळपास जाणारं नाही. सिनेट, समित्या, विद्यापीठाचा कारभार यात एक मोठा शास्त्रज्ञ खर्ची पडला असं नाही का वाटत?

---

जाईजुई

@अबोली, मला नाही वाटत. १८६७ मध्ये पालेर्मोत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी त्याने अंगावर घेतली होती. मरणाऱ्या शहरात पाणी आणि स्वच्छता बघायला रसायन जाणणारा माणूस असणं हे लेखापेक्षा कमी कसं म्हणायचं? पालेर्मोच्या त्याच काळात कोर्नर आणि लीबेन त्याच्याकडे येऊन काम करत होते. बेन्झीनच्या ऑर्थो-मेटा-पॅरा जागा प्रयोगाने ठरवणारा तो कोर्नर. जिथे १८४९ नंतर काहीच उरलं नव्हतं तिथे दहा वर्षांत युरोपातले लोक यायला लागले. हे काम त्याच्या नावावर कुठल्या सूत्रात दिसणार नाही.

---

अबोली

कॉलऱ्याचं माहीत नव्हतं. कोर्नर पालेर्मोत होता हेही. तरी माणसाला दोन आयुष्यं मिळायला हवी होती असं वाटतं.

---

अकरावी_ब

ताई, मी अकरावीत आहे. बाष्पघनतेवरून रेणुभार निघतो इथपर्यंत कळलं. पण त्यावरून कार्बनचा अणुभार १२ हे कसं ठरवलं? रेणूत कार्बनचे अणू किती हे आधी माहीत नसतं ना?

---

खडूफळा

अगदी नेमका प्रश्न. हीच कॅनिझारोची युक्ती.

अणू किती ते माहीत नाही हे कबूल करून सुरुवात कर. हायड्रोजनचा रेणू २ धर. कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनच्या २२ पट जड, म्हणून रेणुभार ४४. पृथक्करणातून कळतं की त्यात २७.२७ टक्के कार्बन असतो. ४४ चे २७.२७ टक्के म्हणजे १२. आता कार्बनची मिळतील तेवढी बाष्पशील संयुगं घे आणि हेच कर. कार्बन मोनॉक्साइड: रेणुभार २८, कार्बन ४२.८६ टक्के, म्हणजे १२. मिथेन: १६ चे ७५ टक्के, १२. एथिलीन: २८ चे ८५.७१ टक्के, २४. इथर: ७४ चे ६४.८६ टक्के, ४८.

उत्तरं १२, १२, १२, २४, ४८ अशी येतात. ६ कधीच येत नाही, १८ किंवा ३० ही नाही. अणू अर्धा होत नाही, म्हणून रेणूत कार्बन १२ च्या पटीतच येत असेल तर अणू १२ चा. उद्या कुणी रेणुभारात कार्बनचा वाटा फक्त ६ असलेला रेणू शोधला तर हे कोसळेल; तो कुणाला सापडला नाही.

बाष्प होत नाही अशा धातूंसाठी त्याने द्यूलाँ-पेतीचा १८१९ चा नियम ताळा म्हणून वापरला: घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) गुणिले अणुभार सुमारे ६ च्या आसपास येतो. पाऱ्याला दोन्ही लागू पडतं. त्याच्या क्लोराइडांच्या बाष्पावरून अणुभार २०० येतो, आणि विशिष्ट उष्मा ०.०३३ ने गुणलं की ६.६. द्यूमाचा १०० घेतला तर ३.३ येतात, म्हणजे तो चुकीचा.

आता गंधक तू कर. सल्फर डायऑक्साइड: रेणुभार ६४, गंधक ५० टक्के. हायड्रोजन सल्फाइड: ३४, गंधक ९४.१ टक्के. कार्बन डायसल्फाइड: ७६, गंधक ८४.२ टक्के.

---

अकरावी_ब

३२, ३२, ६४. गंधक ३२. आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये उरलेले १२, म्हणजे कार्बनचा एक अणू. दोन्ही एकदमच निघाले!